ताजा कलमातला ३.२

पत्र असं आहे:

‘माझे बाबा ६७ वर्षांचे, तासगावचे द्राक्षबागायतदार. १८ वर्षांचा मधुमेह. सांगलीत किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.९ निघालं, लघवीतून प्रथिनंही जातात (अल्ब्युमिनचा आकडा ८४०). दिवाळीनंतर आम्ही त्यांना सिंगापूरला आणलं. इथल्या डॉक्टरांनी साखरेचं ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम तसंच ठेवलं, रक्तदाबाचं टेल्मिसार्टन वाढवलं आणि डापाग्लिफ्लोझिन नवीन सुरू केलं. महिन्याने क्रिएटिनिन १८६! बाबा म्हणाले, “इंग्रजी औषधांनीच किडनी घालवली, आता पुरे.” वरच्या मजल्यावरच्या चिनी आंटी त्यांना त्यांच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्यांनी नाडी, जीभ बघून काढ्याच्या पुड्या दिल्या. शिवाय आंटींच्या भाच्याने ग्वांगजौहून काळ्या बारीक गोळ्यांची बाटली आणून दिली. दहा-दहा गोळ्या, दोन वेळा. तीन आठवडे झाले, बाबांना तरतरी वाटते आहे, साखरही उतरली आहे. आता त्यांना डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या बंद करायच्या आहेत. चिनी औषधाने किडनी सुधारते का? बाबांना अडवू की घेऊ देऊ? वैद्यांच्या चिठ्ठीचा आणि बाटलीचा फोटो जोडला आहे.

ता. क. परवा पहाटे बाबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरत होते. साखरेच्या मशीनवर ३.२ आलं. गुळाचा खडा दिला, बरं वाटलं. जागरणामुळे असेल.’

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ताजा कलमात टाकलंत. हा मजकूर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून पुढचा पहिला भाग तुम्हाला त्याच दिवशी ईमेलने कळवला. इतर वाचकांसाठी तो इथे पुन्हा देते.

३.२ हे जागरण नव्हे. सिंगापूरचा आकडा १८ ने गुणला की आपला आकडा मिळतो, म्हणजे बाबांची साखर ५८ होती. किडनी उतरलेल्या माणसाची साखर पहाटे ५८ होणं हा धोक्याचा इशारा आहे. आणि त्याचं कारण, माझ्या मते, तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे.

बाटलीवरची अक्षरं ‘श्याओ-ख वान’ अशी वाचतात. श्याओ-ख म्हणजे झिजणं आणि तहान. मधुमेहासारख्या आजाराचं हे चिनी वैद्यकातलं जुनं नाव. वान म्हणजे गोळी. त्यात ह्वांगछी आहे, तिहुआंग आहे, इतर मुळ्या आहेत. पण घटकांच्या त्याच यादीत ‘ग-लिए-बन-न्याओ’ असाही एक शब्द आहे, आणि तो कुठल्याही मुळीचा नाही. तो ग्लिबेनक्लामाइडचा चिनी अवतार! आपल्याकडे डाओनिल म्हणून मिळते तेच औषध, निखळ इंग्रजी. यात लबाडी नाही. चीनमध्ये श्याओ-ख वान हे असं मिश्र औषध म्हणूनच मान्य आहे आणि वेष्टनावर तसं छापलेलं असतं. फक्त ते छापलेलं तुम्हाला वाचता येत नाही, आणि भाच्याने ‘जडीबुटी’ म्हणून हातात ठेवलं.

एका गोळीत पाव मिलिग्रॅम. दहा-दहा दोन वेळा, म्हणजे दिवसाला ५ मिलिग्रॅम, डाओनिलची एक पूर्ण गोळी. त्यावर ग्लिमेपिराइड चालूच आहे, जे त्याच कुळातलं. दोघं मिळून स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतात. त्यातून ग्लिबेनक्लामाइडचे शरीरात जे तुकडे होतात तेही साखर उतरवतात आणि ते बाहेर पडतात किडनीवाटे. किडनी मंद असली की ते रेंगाळतात. म्हणून एकदा गूळ खाऊन बरं वाटलं तरी साखर काही तासांनी पुन्हा कोसळू शकते, कधी कधी दुसऱ्या दिवशीही.

तेव्हा त्या काळ्या गोळ्या आजपासून बंद. डॉक्टरांना आजच फोन करा आणि ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते विचारा. दोन दिवस, रात्री झोपताना आणि पहाटेसुद्धा, साखर तपासा. ४ च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बाबा असंबद्ध बोलू लागले किंवा नीट जागे होईनात तर तोंडात काही घालू नका, ९९५ ला फोन करा. बाटली फेकू नका, ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

बाबांची साखर का उतरली याचं उत्तरही इथेच मिळालं. तरतरी कशाने आली ते मी सांगू शकत नाही. कदाचित काढ्याने, कदाचित आंटींबरोबर रोज होणाऱ्या फेरफटक्याने. पण साखरेचं श्रेय जडीबुटीला देऊ नका.

(सिंगापूरला हे औषध नवं नाही. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत तिथे मधुमेह नसलेली १५० माणसं साखर कोसळून इस्पितळात आली होती. पुरुषांच्या ताकदीच्या म्हणून चोरून विकल्या गेलेल्या गोळ्यांत हेच ग्लिबेनक्लामाइड निघालं. चौघे दगावले. त्या प्रकरणात मात्र वेष्टनावर त्याचं नावही नव्हतं.)

आता १८६ कडे वळू. तुमच्या घरातलं सगळं रामायण ज्या आकड्यावरून घडलं, त्याने एवढं घाबरायचं कारण नव्हतं.

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा; रक्तात तो चढला म्हणजे किडनी मंदावली. सांगलीची लॅब ते एका एककात देते, सिंगापूरची दुसऱ्या. १८६ ला ८८.४ ने भागा, २.१ येतं. म्हणजे १.९ वरून २.१. वाढ आहे, पण दहा-अकरा टक्क्यांची, आणि ती अपेक्षितच होती. हे बाबांना डॉक्टरी भाषेत पटणार नाही, म्हणून बागेच्या भाषेत सांगते, तुम्ही त्यांना वाचून दाखवा.

बाबा, ठिबकच्या लाइनीत पंपाचं प्रेशर सतत जास्त राहिलं तर काय होतं? ड्रिपर उडतात, जोड फाटतात, जिथे थेंब पडायचा तिथे पिचकारी उडते. तुमच्या किडनीत अशा लाखो बारीक जाळ्या आहेत, आणि मधुमेहाने १८ वर्षं त्यांच्यात प्रेशर वाढवून ठेवलंय. लघवीतून जाणारी प्रथिनं म्हणजे ती पिचकारी. टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन ही दोन्ही औषधं वेगवेगळ्या वॉल्व्हवरून ते प्रेशर उतरवतात. प्रेशर उतरलं की पहिल्या दिवसांत एकूण पाणी थोडं कमी पडणारच. तेवढ्यावर कोणी लाइन उपटून टाकत नाही. क्रिएटिनिन त्यामुळे जरा चढतं, पुढे स्थिरावतं आणि जाळ्या जास्त वर्षं टिकतात. वाढ तीस टक्क्यांच्या पुढे गेली किंवा पोटॅशियम चढलं तर मात्र डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. तुमची वाढ त्याच्या बरीच आत आहे.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल बाबांना आणखी एक सांगा, त्यांना आवडेल. या कुळाची सुरुवात झाडाच्या सालीतून झाली. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं काढलं होतं. त्याने लघवीवाटे साखर जाते हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं, आणि त्याच धर्तीवर पुढे या गोळ्या घडवल्या गेल्या. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची जी मोठी किडनी-चाचणी प्रसिद्ध झाली तिच्यात ४३०४ रुग्ण होते, त्यांतले दोन-तृतीयांश मधुमेही. साधारण २.४ वर्षांत किडनी निम्म्याहून जास्त उतरणं, निकामी होणं, किंवा किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू, यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या गटात १४.५ टक्के होते, औषधाच्या गटात ९.२ टक्के. बाबा जी गोळी फेकायला निघालेत, ती ही.

मग काढा? तुमचा मूळ प्रश्न तोच होता, आणि त्याचं उत्तर ‘सगळं थोतांड’ असं नाही.

आधी एक घोळ दूर करू. वैद्य म्हणाले असतील, ‘किडनी कमजोर आहे’. तुम्ही ऐकलंत क्रिएटिनिन. चिनी वैद्यकातलं ‘शन’ म्हणजे पोटामागच्या घेवड्याच्या बीसारख्या दोन अवयवांपुरती गोष्ट नव्हे. शरीराचं मूळ सत्त्व, हाडं, केस, कान, प्रजनन, म्हातारपण, सगळं त्या एका शब्दात येतं. आपण ‘मला पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा पित्ताशयाची सोनोग्राफी करा असं कुठे म्हणत असतो? तसंच. वैद्य त्यांच्या शास्त्रात बरोबर बोलत असतील, तरी ‘शन’ला ताकद देणारी मुळी रिपोर्टातली किडनी सुधारेलच असं त्यातून निघत नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

ते तपासलं जातंय हे मला फार बरं वाटतं. चिठ्ठीत पहिलं नाव ह्वांगछीचं आहे. एका रानटी शेंगवर्गीय झुडपाचं हे पिवळं मूळ, मधुमेही किडनीच्या चिनी काढ्यांत जवळजवळ हमखास असतं. २०१४ मध्ये त्यावरच्या २२ अभ्यासांचा, १३२३ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष निघाला की अभ्यास इतके कच्चे आहेत की भरवसा ठेवता येत नाही. त्यानंतर हाँगकाँगमध्ये जरा नीटस चाचणी झाली. मधुमेह आणि लघवीतून भरपूर प्रथिनं असलेले ११८ रुग्ण, ४८ आठवडे. ह्वांगछी घेणाऱ्यांची किडनीची गाळणक्षमता न घेणाऱ्यांपेक्षा वर्षाला साधारण ४.६ एककांनी कमी घसरली. हा फरक छोटा नाही. त्याआधी चीनमध्ये ह्वांगछी, तिहुआंग, दाहुआंग वगैरे सात वनस्पतींच्या ‘थांगशन’ मिश्रणाची १८० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली होती, तीही खोट्या औषधाशी तुलना करून. ज्यांची प्रथिनं थोडी जात होती त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही, ज्यांची जास्त जात होती त्यांच्यात दिसला.

मला हे आशादायक वाटतं, पुरेसं वाटत नाही. हाँगकाँगच्या चाचणीत आपण मुळी घेतोय की नाही हे रुग्णांना माहीत होतं, आणि ११८ माणसं आणि ४३०४ माणसं यांत अंतर आहे. डायलिसिस टळतं का, हे एवढ्या छोट्या चाचण्यांतून कळत नाही. पण बाबांना सांगायची गोष्ट वेगळीच आहे: या दोन्ही चाचण्यांत मुळी नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिली होती. कोणाचीही औषधं तोडून नाही. बाबांना जी अदलाबदल करायची आहे, ती या चाचण्यांतल्या चिनी संशोधकांनीही केलेली नाही.

चिठ्ठीतली बाकीची नावं ओळखीची निघतील. दाहुआंग म्हणजे आपली रेवाचिनी. नावातच चीन आहे, जशी दालचिनी. गानत्साओ म्हणजे ज्येष्ठमध. शानयाओ हा एक कंद. दानशन हे लाल मूळ, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी त्याचं जमत नाही. रेवाचिनीने जुलाब होतात. बाबांना टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू असताना चार दिवस जुलाब झाले तर अंगातलं पाणी आटेल आणि किडनी काही दिवसांतच बरीच खाली येऊ शकेल. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. मुळ्यांच्या दाट काढ्यातून पोटॅशियमही बरंच उतरतं, आणि टेल्मिसार्टन ते अंगात धरून ठेवतं. रेवाचिनी, ज्येष्ठमध ही तर आपल्याही आजीच्या बटव्यातलीच. तिथेही मी हेच सांगितलं असतं.

यापुढचं जरा जपून वाचा. मुळीचं नेमकं नाव कळल्याशिवाय ती पोटात जाऊ द्यायची नाही, हा माझा हट्ट आहे, आणि त्याचं मूळ इथे आहे.

ब्रुसेल्समध्ये १९९०च्या सुमाराला एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींची पूड देत असत. १९९२ च्या आसपास तरण्याताठ्या बायका किडनी निकामी होऊन डॉक्टरांकडे येऊ लागल्या. पुढे आकडा शंभराच्या वर गेला. पुडीत द्यायचं होतं फांगजी नावाचं मूळ, पडलं ग्वांग-फांगजी. नाव जवळजवळ तेच, झाड संपूर्ण वेगळं, आणि त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. हे आम्ल किडनी सुकवतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही करतं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत, निकामी किडन्या काढून तपासलेल्या ३९ जणांपैकी १८ जणांत कर्करोग सापडला. चीनने ग्वान-मुथोंग या अशाच वनस्पतीवर २००३ मध्ये बंदी घातली, ग्वांग-फांगजीवर २००४ मध्ये.

आपण हसू नये. रास्ना मागितली तर उत्तरेत एक झाड मिळतं, दक्षिणेत दुसरं. आणि ज्या कुळातलं ते ग्वांग-फांगजी, त्याच कुळातली वेल आपल्या रानात आहे: ईश्वरी, सापसण. तिच्यातही तेच आम्ल आहे.

बाबा द्राक्षवाले आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. २०१० मध्ये एका संजीवकाच्या अंशापायी आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. रेसिड्यूच्या, म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशांच्या, रिपोर्टशिवाय निर्यातीचा माल हलत नाही. परदेशातल्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या घडासाठी एवढी कागदपत्रं, आणि स्वतःच्या पोटात जाणाऱ्या पुडीला काहीच नको?

त्यांचा राग मात्र अगदीच निराधार नाही. इंग्रजी गोळीने किडनी जाते, हो, जाते: गुडघ्यासाठी, कंबरेसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी. छाटणीच्या, विरळणीच्या दिवसांत त्या किती खाल्ल्या, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. उत्तर आलं तर डॉक्टरांना सांगा, आणि त्या गोळ्या घरातून हलवा.

काढा सध्या थांबवा. मी त्याच्या विरोधात आहे म्हणून नव्हे. दोनेक महिन्यांत चार गोष्टी बदलल्या आहेत, आणि काय कशाने झालं ते ओळखायला पाटी कोरी हवी. दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन पुन्हा करा. त्यानंतरही बाबांना काढा हवाच असेल तर तुम्ही स्वतः वैद्यांकडे जा. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांसाठी २००० साली कायदा झाला आहे, त्यांची नोंदणी होते, ती बघून घ्या. डॉक्टरांच्या गोळ्यांची यादी त्यांना दाखवा, त्यांच्याकडून प्रत्येक वनस्पतीचं नाव आणि वजन लिहून घ्या, आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. यादीत लेइगोंगथंग असेल तर नको. ती वेल प्रथिनं कमी करते खरी, पण यकृत आणि रक्तपेशींना महागात पडते. फूत्झ किंवा त्साओवू असेल तरी नको, ते आपल्या विषारी बचनागाचे भाऊबंद आहेत. डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले तर सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी रक्त तपासा. ‘नको’ म्हणाले तर का, ते बाबांसमोर विचारा. डॉक्टरांनी नुसती मान हलवली की माणसं गुपचूप खातात.

आणि हो, स्टारफ्रूट, म्हणजे कमरख. तिथे सररास मिळतं, आंटी प्रेमाने कापून देतील. किडनी उतरलेल्यांना त्याने उचकी लागते, भ्रम होतो, झटकेही येतात. एक फोडही नको.

आंटींशी भांडू नका. परक्या देशात शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून वैद्यांकडे नेणारी बाई सोपी मिळत नाही. सिंगापूरला १८६७ पासून थोंग चाय नावाची संस्था जात-धर्म न विचारता चिनी औषध फुकट देत आली आहे, त्याच रीतीतल्या या आंटी असाव्यात. त्यांना एवढंच सांगा की भाच्याच्या गोळीत एक इंग्रजी औषध निघालं आणि बाबांची साखर पडली. कदाचित त्यांनाही ते माहीत नसेल, आणि कदाचित त्यांच्या घरातही कोणीतरी तीच बाटली घेत असेल.

बाबा ऑक्टोबर छाटणीला तासगावला परतणार असतील तर निघण्याआधी सिंगापूरचे सगळे आकडे सांगलीच्या एककांत उतरवून एका कागदावर लिहून द्या. नाहीतर तिथला डॉक्टर १८६ बघून दचकेल, आणि बाबा पुन्हा म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो?